‘नऊ पुलांची नदी’चा दुसरा भाग

तैपेई, ४ ऑक्टोबर १९९३

आ-याव,

पत्र मिळालं. तुंगयिन बेटावर वारा इतका की ताटातला भात उडतो म्हणतोस. बरं आहे, तुझ्याच वर्णनाप्रमाणे तिथल्या स्वयंपाक्याच्या हातचा भात पोटात जाण्यापेक्षा उडालेलाच चांगला. आणि हे पत्र आधी उघडून वाचणाऱ्या अधिकारी साहेबांना माझा नमस्कार. साहेब, यात लष्करी गुपित काही नाही, दोन रिकामटेकड्यांच्या गप्पा आहेत.

माझे डोळे अधू निघाले म्हणून सक्तीच्या भरतीतून सैन्याने मला घरी पाठवलं आणि चिठ्ठी काढताना तुझ्या नशिबी ते बेट आलं, यात माझा काही दोष नाही. हे मी प्रत्येक पत्रात लिहितो असं तू मागच्या वेळी म्हणालास. लिहितो खरा.

हल्ली काय खेळतोस, असं विचारलंस. कॉम्प्युटरवरचा एक अमेरिकन खेळ आणलाय. सहा जणांची टोळी, खाली अंधारी तळघरं, भिंतीच भिंती. एखादा मेला की त्याला उचलून देवळात न्यायचं, पुजाऱ्यापुढे मोहरा ओतायच्या, की स्वारी उठून बसते. कधी कधी पुजाऱ्याचा मंत्र चुकतो आणि त्याची राख होते, पण राखेवरही त्यांच्याकडे उपाय आहे! जपानी तर त्याहून वरचढ. तोंडाला कुपी लावली की नायक कपडे झटकून उभा. मग दुसरा भाग येतो, तिसरा येतो, तोच राक्षस नवी शिंगं लावून येतो आणि आपण पुन्हा रांगेत उभे राहतो. मीही राहतो, नाही म्हणत नाही.

तू लिहिलेल्या, मी प्रोग्रॅम केलेल्या आपल्या खेळातच मेलेलं माणूस मेलेलं राहतं. चिंग-हो सहाव्या पुलावर दरवाजा धरून उभी राहते, पूर येतो, आणि पुढचे तीन पूल खेळणाऱ्याला तिच्याशिवाय चालावे लागतात. लोक शिव्या घालतील असं मी तुला म्हणालो होतो. घालतातच. पण शिव्या घालत घालत पुन्हा पहिल्या पुलापासून सुरू करतात. बाजारात एवढे परदेशी खेळ असताना ‘नऊ पुलांची नदी’ अजून विकली जाते ती तुझ्या त्या एका प्रसंगामुळे, हे फांग साहेबसुद्धा मान्य करतात. मालक असून मान्य करतात म्हणजे बघ.

तू गेल्यापासून मदतीचा फोन माझ्या टेबलावर आलाय. कोणी चक्रव्यूहात अडकलं की मला फोन. चियाईला केस कापण्याचं दुकान चालवणाऱ्या एक च्यो ताई आहेत, त्यांनी परवा सुरुवातच अशी केली:

“तुम्हा लोकांना आईबाप आहेत की नाही?”

“आहेत, ताई.”

“मग त्या पोरीला का मारलंत? मी गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून ठेवते, मागच्या खोलीत जाऊन खेळते. परवा एकीचे केस नारिंगी झाले. एवढं करून शेवटी काय, तर पोरगी पाण्यात! काहीतरी मार्ग असेलच की हो. तुम्हीच बनवलंत ना?”

त्यांना काय सांगणार होतो? की हे लिहिणाऱ्या माझ्या मित्राची बहीण शि-हुई गेली, तिच्या रक्ताच्या आजारावर औषध नव्हतं, म्हणून त्याने खेळातही औषध ठेवलं नाही? काहीबाही बोलून त्यांची समजूत घातली आणि फोन ठेवला. ते जाऊ दे.

लोकरीचे मोजे पाठवतोय. रंगावरून हसू नकोस, आईने विणलेत.

आ-मो

तैपेई, २० डिसेंबर १९९३

आ-याव,

एक गंमत ऐक. आपल्या त्या खेळांच्या मासिकात छापून आलंय की चिंग-होला वाचवता येतं!

अटी वाच. पहिल्या पुलापासून एकही पेटी उघडायची नाही. प्रत्येक पुलावर नावाड्याच्या म्हातारीशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुठल्याही लढाईतून पळायचं नाही. आणि सहाव्या पुलावर शेवटच्या दरवाज्यापर्यंत उलट्या पावलांनी चालत जायचं. मग म्हणे पूर ओसरल्यावर ती पाण्यातून चालत येते. एक चूक झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. कुठून काय येतं, देव जाणे.

पेट्या न उघडता सहाव्या पुलापर्यंत जिवंत पोचणं जवळपास अशक्य आहे, हे तुला-मला ठाऊक आहे. तलवार पेटीत, चिलखत पेटीत, औषध पेटीत. म्हणजे कोणाला करून बघता येणार नाही आणि खोटं पाडताही येणार नाही. ज्याने ही थाप मारली तो डोकेबाज असला पाहिजे.

पत्रांचा पाऊस पडलाय. वाचनीय आहेत एकेक. “चौथ्या पुलावर माझा हात चुकून पेटीवर पडला, म्हणून ती आली नाही का?” “मी एकदा कोल्ह्यापासून पळालो होतो, ते धरतात का?” कोणीही असं लिहीत नाही की मासिकच खोटं बोलतंय. प्रत्येकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मी हसत हसत वाचायला सुरुवात केली होती. नंतर वाचायचं बंद केलं.

फांग साहेब मात्र खुशीत आहेत. सगळ्यांना बोलावून म्हणाले, “कोणी विचारलं तर हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. नुसतं हसायचं.” फोनवर कसं हसायचं ते आम्हाला करूनही दाखवलं. त्यांनी दुसरा भाग काढायचं पक्कं केलंय. आ-याव, दुसरा भाग! आपण मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या खोलीत भिंतीवर पूल काढत बसायचो तेव्हापासून ज्याची वाट बघतोय तो. फक्त एक आहे. साहेबांना चिंग-हो परत हवी आहे. जाहिरातीत तीच मधोमध. लोकांनाही तेच हवंय.

तू लिहिशील ना? तू नाही म्हणालास तर साहेब त्यांच्या मेव्हण्याकडून लिहून घेणार, आणि त्याचं लिखाण तू वाचलंयस. उत्तर जरा विचार करून दे. लगेच रागावून देऊ नकोस.

आ-मो

तैपेई, २५ फेब्रुवारी १९९४

आ-याव,

नवीन वर्षाच्या दिवशी लुकांगला तुझ्या घरी फोन केला होता. काकूंचा आवाज ठणठणीत होता. सणासाठी बांधलेल्या उदबत्त्या सगळ्या विकल्या गेल्या म्हणाल्या, आणि तुझ्यासाठी घेवड्याचे लाडू केले होते ते शेजारणीच्या नातवाने संपवले. तू चिंगमिंगच्या, पूर्वजांच्या सणाच्या सुट्टीला घरी येणार, शि-हुईच्या थडग्यावर गवत काढायला जाणार, हेही कळलं. मला भेटशील ना?

तुझ्या पत्रात शिव्या असतील असं धरून मी ते दोन दिवस फोडलं नव्हतं. फोडलं तर शिवी एकही नाही. तुझ्या शेजारच्या खाटेवरचा तो ताइचुंगचा गडी शपथेवर सांगतो म्हणे, की त्याच्या चुलतभावाने स्वतःच्या डोळ्यांनी तिला पाण्यातून येताना पाहिलं. आणि शेवटी तू विचारलंयस, “आ-मो, खरं सांग. मी लिहिलं नव्हतं ते मला ठाऊक आहे. पण टाइप तू केलंस. मला न सांगता तू काही घालून ठेवलंयस का?”

तुझं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आता काय सांगू? लेखकाने प्रोग्रॅमरला असले प्रश्न विचारायचे नसतात. स्वयंपाकघरात काय काय पडलंय ते पाहुण्याला कशाला हवं? सुट्टीत येशील तेव्हा खेळून बघ की. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

फांग साहेब माझ्या खुर्चीमागे चहा पीत उभे आहेत. तुला आशीर्वाद सांगतायत. दुसऱ्या भागाचं काय ठरवलंस विचारतायत.

आ-मो

तैपेई, १२ एप्रिल १९९४

आ-याव,

तू येऊन गेलास आणि मला साधा फोन केला नाहीस. कीलुंगला बोटीवर चढायला तैपेईवरूनच गेला असशील. दहा मिनिटं थांबला असतास तर मी स्टेशनवर आलो असतो. जेवायला आईने बदक केलं होतं. मीच दोन दिवस खात बसलो.

कामात असशील, थकला असशील. ठीक आहे. पण असं कोणी करतं का?

आ-मो

तैपेई, २१ एप्रिल १९९४

आ-याव,

मागचं रडगाणं पाठवलं त्याची मला आता लाज वाटते. काल तुझ्या आईशी बोललो.

रागावूनच फोन केला होता. म्हटलं, काकूंकडे तुझी तक्रार करावी. त्या म्हणाल्या, “अरे तो कुठे गेलाच नाही रे. सकाळी थडग्यावर जाऊन आलो, गवत काढलं, नैवेद्य ठेवला. आल्यावर म्हणाला, आई, ते यंत्र चालू करतो. मग सुट्टी संपेपर्यंत तिथेच बसला. जेवणसुद्धा तिथेच.”

“तुम्ही रागावला नाहीत?”

“मी कशाला रागावू? मीही बसले ना शेजारी. त्याने सांगितलं मला, ही पोरगी म्हणजे आपली शि-हुईच आहे, आणि अमुक अमुक पाळलं तर ती परत येते. मला त्यातलं काय कळतंय? पण पेटी दिसली की ओळखायला शिकले मी. म्हटलं, तू लढ, पेट्यांवर मी लक्ष ठेवते.”

त्या बोलतच होत्या.

“पाचव्या पुलापर्यंत आणलं होतं रे त्याने. कितीदा मेला, कितीदा पुन्हा केलं. मग झाडामागे एक पेटी होती, त्याला दिसली नव्हती. मी ओरडले, ‘अरे पेटी!’ तो दचकला आणि नेमकी तीच उघडली गेली. मी म्हटलं, पुन्हा कर. तर म्हणाला, वेळ नाही आई, बोट सुटेल. पिशवी उचलली आणि गेला. वळूनसुद्धा बघितलं नाही.” मग विचारलं, “आ-मो, तू हे बनवलंयस ना? मी ओरडले नसते तर आली असती का रे?”

मी म्हटलं, काकू, दुसऱ्या फोनवर कोणीतरी आहे. आणि ठेवून दिला.

आता ऐक. ही थाप मी मारली.

च्यो ताईंना मारली, त्या ऑक्टोबरातल्या फोनवर. त्या रडत होत्या, मला कंटाळा आला होता, आणि थोडी दयाही आली होती. एकेक अट मी तिथल्या तिथे रचली. मुद्दाम इतक्या अवघड अटी घातल्या की कोणाला पुऱ्या करता येऊ नयेत, म्हणजे मला कोणी धरणार नाही. त्यांनी मासिकाला कळवलं. पत्रात मी तुला “देव जाणे” लिहिलं तेव्हा मी घामाघूम झालो होतो आणि वर स्वतःला डोकेबाजही म्हणवून घेत होतो.

पण ती थाप एकवेळ जाऊ दे. फेब्रुवारीत तू मला सरळ विचारलंस. “नाही” एवढा एक शब्द लिहायचा होता. मी नाही लिहिलं. साहेब मागे उभे होते हे खरं, पण साहेब काय माझा हात धरून बसले होते? तू नाही म्हणालास तर दुसरा भाग मेव्हण्याच्या हातात जाईल, आणि तुला जरा आशा लागली तर तू हो म्हणशील, असा माझा हिशोब होता. तुझ्या बहिणीच्या मरणावर मी हिशोब केला. हलकटपणा म्हणतात याला.

आणि मला माहीत होतं, आ-याव. शि-हुई आजारी होती त्या उन्हाळ्यात मी तुमच्या घरी राहिलो होतो ना? गल्लीतली प्रत्येक बाई एक उपाय घेऊन यायची, आणि प्रत्येक उपायाला अटी. मात्सू देवीच्या देवळातली राख आणायची, पण अनवाणी जायचं आणि वाटेत कोणाशी बोलायचं नाही. एके दिवशी पोस्टमनने हाक मारली आणि काकूंच्या तोंडून “ओ” निघून गेलं. शि-हुई गेल्यावर तो उपाय सांगणारी बाईच म्हणाली, “पाळलं नाहीत ना नीट.” त्या दिवशी अंगणात तू मला म्हणाला होतास, की तू एक गोष्ट लिहिशील आणि तिच्यात उपाय नसेल, म्हणजे कोणाची चूकही नसेल. तीच गोष्ट मी टाइप केली. आणि तिच्यातच त्या गल्लीतल्या बाईसारखा जाऊन बसलो.

आज सकाळी आधी च्यो ताईंना फोन केला. म्हटलं, शिव्या खायची सुरुवात तिथून करू. सगळं सांगितलं. पलीकडे केस वाळवायचं यंत्र बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?”

“नाही, ताई.”

“मेल्या, मला वाटलं मीच करंटी आहे.” आणि रडायला लागल्या. शिव्या नंतर घातल्या. भरपूर घातल्या.

मासिकाला लिहून पाठवलंय, खाली माझं नाव घालून. फांग साहेबांना सांगितल्यावर ते पहिल्यांदाच हसले नाहीत. दुसरा भाग आता निघणार नाही म्हणाले. निघाला तरी त्यात मी नसेन, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, माझं टेबल रिकामं करायला सांगितलं.

उद्या लुकांगला जातो. हे काकूंना फोनवर सांगण्यासारखं नाही.

आ-मो

लुकांग, २२ एप्रिल १९९४

आ-याव,

तुमच्याच ओट्यावर बसून लिहितोय. काकू आत उदबत्त्यांच्या जुड्या बांधतायत.

मी सगळं सांगितलं. वाटेत आगगाडीत वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरलो. एवढंच म्हणालो की काकू, मी खोटं बोललो होतो, त्या खेळात तिला परत आणायचा मार्ग नाही, कधीच नव्हता. त्या दरवाज्यापलीकडे तिच्यासाठी मी काही लिहिलेलंच नाही. तिथे नुसता काळा पडदा आहे.

त्यांचा हात थांबला. “म्हणजे ती झाडामागची पेटी?”

“उघडली काय, न उघडली काय. सारखंच होतं.”

“मी ओरडले, त्याने काही...”

“काही नाही, काकू.”

त्यांनी जुडी खाली ठेवली. मला वाटलं, आता मला हाकलतील. त्या रस्त्याकडे बघत होत्या. माझ्याकडे न बघताच विचारलं, “आणि तो पोस्टमन?”

मी डॉक्टर नाही. देवाधर्मातलंही मला कळत नाही. पण मी म्हणालो, “तोही नाही, काकू. तुम्ही ओ दिली नसती तरी ती गेलीच असती.”

त्यांनी हातांत तोंड... नाही, काही झाकलं नाही, समोरच रडल्या, मोठ्याने, शेजारीण बाहेर येऊन उभी राहिली इतक्या. मी तिथेच बसून राहिलो. मग तोंड धुऊन आल्या, माझ्यापुढे शिंपल्यांची कांजी ठेवली आणि म्हणाल्या, “खा. तुला कानफटात मारायची होती, पण आता हात दुखतायत जुड्या बांधून.”

मी खाल्ली.

नंतर म्हणाल्या, “हे त्याला लिही. इथेच बसून लिही. मी सांगितलं तर त्याला वाटेल, आई समजूत घालतेय.”

“माझ्यावर तो आता कशाला विश्वास ठेवेल, काकू?”

“ते तुमचं तुम्ही बघा. पण तुझं ऐकून तो त्या यंत्रापुढे बसला होता. उठायलाही तूच सांग.”

म्हणून लिहितो आहे. मला माफ करू नकोस, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण एवढं एक माझं खरं मान. शि-हुई परत येण्याचा कुठलाही मार्ग नव्हता. तू काही चुकवलं नाहीस, आ-याव. काकूंनीही नाही.

आ-मो